साडूंचे सहा शब्द

माझ्या साडूंइतका कुलूपबंद माणूस अख्ख्या मुलुंड पूर्वेत नाही, आणि पश्चिमेत कुणी असलाच तर त्याला यांनीच तयार केलेला असणार. मी घाटकोपरचा प्लंबर. माझी बायको आणि त्यांची बायको सख्ख्या बहिणी. त्यांची थोरली, तिला आम्ही सगळे ताई म्हणतो. लग्नानंतर त्यांनी पहिल्यांदा जेवायला बोलावलं तेव्हा काहीतरी बोलायला पाहिजे म्हणून मी विचारलं, भाऊ, तुमचा वाढदिवस कधी असतो. त्यांनी घास ताटात परत ठेवला आणि म्हणाले, "तुला कशाला पाहिजे?" मी हादरलो. लोक मला पाण्याच्या टाकीत उतरवतात, मोरीत हात घालायला लावतात, पण तारीख विचारली म्हणून कुणी असं बघितलं नव्हतं. त्याला आता वीस वर्षं झाली. ताईला विचारलं तर ती म्हणते, लग्नाच्या वेळी पत्रिकेत एक तारीख दिली होती बाबा, ती खरी असेल तर तीच.

साडू विक्रोळीला एका कारखान्यात स्टोअरकीपर होते. तीस वर्षं त्यांच्या सहीशिवाय तिथून एक नट बाहेर पडला नाही. माल आपल्या गोदामात आणि चावी आपल्या कमरेला, हे त्यांचं तत्त्व. रिटायर झाल्यावर कारखाना सुटला, कंबर तशीच राहिली. पार्सल आलं की खोक्यावरचा नाव-पत्त्याचा कागद ते सोलून काढतात, त्याचे तुकडे करतात, निम्मे सुक्या कचऱ्यात टाकतात आणि निम्मे ओल्या कचऱ्यात, भाजीच्या देठांखाली. कुणी जोडून वाचू नये म्हणून. लॅपटॉपच्या कॅमेऱ्यावर पट्टी चिकटवलीय ते ठीक, पुष्कळ लोक चिकटवतात. यांनी टीव्हीवरही चिकटवली. मी म्हटलं, भाऊ, या टीव्हीला कॅमेराच नाही. तर म्हणाले, ते तुला माहीत, मला माहीत, पण टीव्ही बनवणाऱ्याला माहीत आहे का. मी मुकाट्याने त्यांचा फ्लश दुरुस्त केला.

कुठल्याही बिल्डिंगच्या गेटवर, मॉलमध्ये, दवाखान्यात, रजिस्टरमध्ये नाव आणि मोबाईल नंबर लिहायला सांगतात ना, तिथे साडूंनी आयुष्यात कधी स्वतःचा नंबर लिहिलेला नाही. माझा लिहिला. हे मला सहा-सात वर्षं कळलं नव्हतं. मला वाटायचं आपला जम बसलाय. दिवसाला दहा-बारा फोन. सर, ठाण्याला तीन बेडरूमचा फ्लॅट बघणार का? सर, तुमच्या दुसऱ्या गाडीचा विमा? पहिली गाडी नसलेल्या माणसाला दुसऱ्या गाडीचा विमा विचारतायत म्हटल्यावर छाती फुगते की नाही? एकदा तर बायकोला नवी साडी नेसायला लावून मी तिला फ्लॅट बघायला घेऊन गेलो. सॅम्पल फ्लॅटमध्ये सरबत मिळालं. तिथल्या मुलीने मला मान्यवर म्हटलं. आमचा विचार काय आहे असं तिने विचारलं तेव्हा बाथरूमच्या पाइपाचा उतार चुकलाय, हा एकच विचार मी मांडला. आम्ही बाहेर पडलो आणि तिथल्या रजिस्टरमध्ये बघतो तर आदल्या रविवारच्या पानावर साडूंच्या अक्षरात माझा नंबर.

आता माझं सांगतो. मी दोन यत्ता कमी पाचवी, म्हणजे तिसरी. माझ्या पोटात काही राहत नाही. फोनला लॉक नव्हता, कारण लॉक केला की मलाच उघडायचा नाही. एटीएमचा पिन नाक्यावरच्या चहावाल्याला सांगून ठेवला होता, विसरलो तर त्याला फोन करायचा. हे साडूंना कळलं त्या दिवशी ते जेवले नाहीत. खरंच जेवले नाहीत. ताईने सांगितलं, गॅलरीत बसून होते आणि मधेमधे म्हणत होते, चहावाल्याला.

त्यानंतर त्यांनी मला समोर बसवलं आणि लॅपटॉप उघडला. त्यात एक पासवर्ड ठेवायचा प्रोग्रॅम होता. सगळे पासवर्ड त्याच्यात टाकायचे आणि त्याला वरून एकच मोठा पासवर्ड, मालक पासवर्ड म्हणा. तो आला की बाकीचे सगळे दिसतात. मी विचारलं, हे राहतं कुठे? कारण आमच्या पोरीने सांगितलं होतं की हल्ली सगळं वर कुठेतरी ढगात राहतं. साडू एकदम ताठ झाले. म्हणाले, "ढग कुणाचा? आपला आहे? दुसऱ्याच्या माळ्यावर आपली ट्रंक कशाला ठेवायची? हे इथेच राहतं, या लॅपटॉपमध्ये. इंटरनेटवर जात नाही, कंपनीकडे जात नाही, कुणाकडे जात नाही." आणि मालक पासवर्ड विसरलो तर? तर गेलं, म्हणाले. इथे 'पासवर्ड विसरलात का' असं विचारणारं कुणी बसलेलं नाही. सांगताना त्यांच्या चेहऱ्यावर असा आनंद होता की जसं काही ही गैरसोय त्यांनीच शोधून काढलीय.

हळूहळू सगळ्या नातेवाइकांचं त्यात गेलं. कुणाचं गॅस बुकिंग, कुणाचं लाइट बिल, कुणाचं रेल्वेचं तिकीट, कुणाचा मेल. साडू सगळ्यांचे फॉर्म भरून द्यायचे, पासवर्ड स्वतः बनवायचे, ते असले लांबलचक आणि वेडेवाकडे की माणसाने बघितल्यावर डोळे चोळावेत, आणि कुणाला सांगायचे नाहीत. पाहिजे असला की मुलुंडला जायचं. ते दुसऱ्या खोलीत जाऊन, दार लावून, तुमचं काम करून बाहेर यायचे. आमच्या तीस-बत्तीस जणांच्या खानदानाची सगळी दारं त्या एका जुन्या लॅपटॉपमध्ये होती, आणि लॅपटॉप तांदळाच्या पिंपाच्या मागे.

दोन वर्षांपूर्वी एका दुपारी त्यांनी मला एकट्याला बोलावलं. मला वाटलं नळ गळत असेल, पाने-पकड घेऊन गेलो. त्यांनी खिडक्या लावल्या, पंखा मोठा केला आणि हळूच म्हणाले की मालक पासवर्ड मी तुला देऊन ठेवतोय. मी सांगतो तुम्हाला, माझ्या हातातून पिशवी पडली. मुलगा बंगळूरला, ताई घरात, भाचे इंजिनिअर, आणि मला? चहावाला प्रकरण माहीत असून? मी विचारलंच, भाऊ, मीच का. ते शांतपणे म्हणाले, "कारण तुला तो दिला तरी तुला त्याचं काही करता येणार नाही. लॅपटॉप चालू कुठून होतो ते तुला माहीत नाही. आपल्यात असा तू एकटाच आहेस." आता हा अपमान होता की सन्मान, मी परतताना बसमध्ये भांडुपपर्यंत विचार करत होतो. मला तो सन्मान वाटला. बायकोला अपमान वाटला.

पासवर्ड म्हणजे सहा शब्द होते, साधे मराठी, मराठीतच टाइप करायचे. चोर मराठी शिकेल तेव्हा बघू, म्हणाले. दोनशे चिठ्ठ्या करून डब्यात हलवून त्यांनी सहा उचलल्या होत्या आणि मग सगळ्या चिठ्ठ्या भिजवून कढीपत्त्याच्या कुंडीत घातल्या होत्या. नारळ, मांजर, पकड, हळद, बादली, चप्पल. ह्याच क्रमाने. लिहायचं नाही, कुणाला बोलायचं नाही, पाठ करायचं. माझ्याकडून त्यांनी वीस वेळा म्हणून घेतलं आणि खाली उतरेपर्यंत मी मांजर विसरलो. परत वर गेलो. असं तीनदा.

मग मी माझी अक्कल चालवली, आणि इथेच वाट लागली. आम्ही कुडाळकडचे. आमच्याकडे दीड दिवसाचा गणपती असतो, आणि विसर्जनाआधी देवाला गाऱ्हाणं घालायचं काम माझं असतं. सगळे हात जोडून उभे राहतात, मी मोठ्याने देवाला सांगत जातो, आणि प्रत्येक वाक्याला सगळे मिळून म्हणतात, व्हय म्हाराजा. शाळेतली एक कविता मला येत नाही, पण गाऱ्हाणं झोपेत घालतो. तर मी काय केलं, ते सहा शब्द गाऱ्हाण्यात टाकले. देवाच्या पुढ्यात नारळ असतोच. मांजरासारखो कोणी आडवो येत असेल तर त्याला बाजूला कर. असं एकेक. दोन गणपती मी ते घातलं, चाळीतल्या पन्नास माणसांनी दोन्ही वर्षं साडूंच्या मालक पासवर्डाला व्हय म्हाराजा म्हटलं, आणि माझं पाठ होऊन गेलं. साडूंना पत्ता नव्हता, कारण ते दरवर्षी गणपतीला गावी असतात.

यंदा ते गावी गेले नाहीत. हायवेला खड्डे फार आहेत, म्हणाले. खड्डे दरवर्षीच असतात, पण मी जास्त विचार केला नाही, तो माझा प्रांत नाही. ताईबरोबर आमच्याकडेच आले, पाठीवरच्या सॅकमध्ये लॅपटॉप.

त्याच वेळी आमच्या पोरीच्या ॲडमिशनचं चाललं होतं. बारावी झाली, नर्सिंगला जायचं. आमच्या दोन्ही घराण्यांत एवढं शिकणारी पहिली मुलगी. फॉर्म साडूंनीच भरून दिला होता, आता कुठली कॉलेजं पाहिजेत ते क्रमाने भरायचं बाकी होतं आणि त्याला मुदत होती विसर्जनाच्या दिवशी संध्याकाळी पाचपर्यंत. नाही भरलं तर वर्ष गेलं. काका येतायत, तेव्हा समोर बसून भरू, असं तिने ठरवलेलं. तुम्ही म्हणाल, पासवर्ड नसेल तर ओटीपीने बदलता येतो. येतो, पण ओटीपी जाणार माझ्या नंबरवर. आणि तो नंबर मी सोडला होता. फ्लॅट आणि विम्याच्या फोनांना कंटाळलो होतो, स्टेशनबाहेर छत्री लावून एक जण नवीन सिमवर स्टीलची बाटली फुकट देत होता. बाटली आली, नंबर गेला. पोरीचा मेल? तोही साडूंनीच काढून दिलेला, त्याचाही पासवर्ड त्याच लॅपटॉपमध्ये.

सकाळी आरती झाल्यावर पोरीने सांगितलं, काका, भरून घेऊ. साडू हो म्हणाले आणि लॅपटॉप घेऊन आमच्या पोटमाळ्यावर चढले. कुणी वर यायचं नाही. आम्हाला सवयीचं होतं. तास झाला. पोरीने खालून हाक मारली तर म्हणाले, गरम झालाय, थांब जरा. जेवायला उतरले, दोन घास खाल्ले, परत वर. दोन वाजले, तीन वाजले. पोरगी शिडीखाली उभी राहून नखं खायला लागली. मी तिला हसवायला म्हटलं, काका बहुतेक तुझ्या नावावर स्वतःच नर्सिंगला जातायत. ती हसली नाही. ताईसुद्धा हसली नाही, आणि ताई माझ्या फालतू जोकला हमखास हसते.

साडेतीनला साडूंनी मला वर बोलावलं. एकटा ये, म्हणाले. वर गेलो तर ते मांडी घालून बसलेले, पुढे लॅपटॉप उघडा, शर्ट घामाने चिकटलेला. माझ्याकडे न बघता म्हणाले, तुला दिलेले शब्द आठवतात का बघू, परीक्षा घेतो. आता मला काय दुर्बुद्धी सुचली बघा. वीस वर्षं हा माणूस माझी फिरकी घेतोय, म्हटलं आज आपण घेऊ. मी तोंड पाडून म्हणालो, भाऊ, खरं सांगू का, मी विसरलो.

ते ओरडतील, असं मला वाटलं होतं. ते ओरडले नाहीत. त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि त्यांचा चेहरा पार रिकामा झाला, टाकीचा बुडातला नळ उघडल्यावर पाणी जातं ना तसं, आवाज न करता. मग म्हणाले, "मलाही आठवत नाहीत रे. सकाळपासून एकही आठवत नाही. पोरीचं काय करायचं?"

मला आयुष्यात कशाने एवढा धक्का बसलेला नाही. शेजारच्या घरी टेप लावला होता, भजनं ऐकू येत होती, आणि हा माणूस, जो तीस वर्षांपूर्वीच्या नटबोल्टचे नंबर सांगायचा, माझ्यासमोर शाळेत धडा न येणाऱ्या मुलासारखा बसला होता. म्हणाले, चार-सहा महिने हे वाढलंय. मधे शब्द जातात, परत येतात. गावी गेलो नाही ते म्हणूनच, आरतीत अडखळलो तर सगळ्यांना कळेल. आणि दोन वर्षांपूर्वी तुला सांगितलं तेही म्हणूनच, तेव्हा पहिल्यांदा झालं होतं. तुला काही करता येणार नाही वगैरे मी असंच बोललो. कुणाला तरी सांगायला पाहिजे होतं आणि 'मीच का' असं तू विचारणार नाहीस असं वाटलं, पण तू तर लगेच विचारलंस.

मी म्हटलं, भाऊ, मी मस्करी केली, मला येतात. ते एकदम सरसावून बसले, बोटं लॅपटॉपवर. मी सुरू केलं. नारळ. मांजर. आणि पुढे गेलं. खरंच गेलं. परत नारळ, मांजर, आणि ठप्प. आता सांगितल्याशिवाय गत्यंतर नव्हतं. मी मान खाली घालून म्हटलं की मला हे असे सुटे येत नाहीत. गाऱ्हाण्यात येतात. समोर माणसं लागतात, आणि दर वाक्याला व्हय म्हाराजा लागतं.

त्यांनी बोटं लॅपटॉपवरून उचलली. "माझा पासवर्ड तू गाऱ्हाण्यात घातलास?"

"दोन वर्षं."

"मोठ्याने?"

"गाऱ्हाणं हळू कसं घालणार, भाऊ?"

मला वाटलं आता हे मला शिडीवरून ढकलणार, आणि ढकललं असतं तर मी पडलोही असतो. त्यांनी डोळे मिटले. आतल्या आत काहीतरी मोजत असल्यासारखे ओठ हलले. मग डोळे उघडून म्हणाले, जा, घाल.

खाली येऊन मी जाहीर केलं की गाऱ्हाणं आत्ता. बायको म्हणाली, अजून उत्तरपूजा व्हायची आहे, काय डोकंबिकं फिरलं का तुझं? मी म्हटलं, देवाला घाई आहे. लोक जमले, शेजारपाजारचे आले, दारात चपलांचा ढीग झाला. मी गणपतीसमोर उभा राहिलो आणि एक डोळा वर पोटमाळ्याकडे. पोरगी शिडीला धरून उभी, चार वाजून दहा मिनिटं झाली होती.

बा देवा म्हाराजा, आज ह्या लेकरांनी तुझ्या पायाकडे नारळ ठेयलो हा, तो गोड मानून घे रे म्हाराजा. व्हय म्हाराजा. मांजरासारखो कोणी आडवो येत आसात, तेका बाजूक कर रे म्हाराजा. व्हय म्हाराजा. वरून टक टक ऐकू आलं. कामाधंद्यात सगळ्यांची पकड मजबूत ऱ्हवांदे रे म्हाराजा. जेच्या अंगाक अजून हळद लागाक नाय, तेका ती लागांदे रे म्हाराजा. इथे दरवर्षी पोरं एकमेकांना कोपरखळ्या मारतात, तशी मारली. कोणाच्या घरातली बादली रिकामी ऱ्हवाक नको रे म्हाराजा. चाळीत पाणी अर्धा तास येतं, त्यामुळे याला व्हय म्हाराजा फार जोरात पडतं. आणि देवळाभायर कोणाची चप्पल हरवाक नको रे म्हाराजा. व्हय म्हाराजा.

मी थांबलो. वर शांत. मला पुढचं गाऱ्हाणं सुचेना, सगळे हात जोडून वाट बघतायत. मग पोटमाळ्यावरून साडूंचा आवाज आला, घोगरा, आणि तो सगळ्यांच्या मागून एकट्याचा आला. व्हय म्हाराजा, म्हणाले, आणि पोरीला हाक मारली. ती शिडीच्या निम्म्या पायऱ्या गाळून वर गेली. काकांनी दार लावलं नाही, तिला शेजारी बसवलं आणि लॅपटॉप तिच्या मांडीवर दिला. पाचला वीस मिनिटं कमी असताना फॉर्म गेला. खाली कुणालाच काही कळलं नाही, फक्त प्लंबर यंदा गाऱ्हाणं घालताना रडला एवढं चाळीत झालं.

पोरीला कॉलेज मिळालं. ताईने साडूंना डॉक्टरकडे नेलं. गोळ्या चालू आहेत, त्याने जरा सावकाश होईल, थांबणार नाही, असं डॉक्टर म्हणाले. लॅपटॉपचं आता पोरगी बघते. काकांनी सांगितलं तशी ती ज्याचे त्याला पासवर्ड नेऊन देतेय, एकेका घरी जाऊन, बंद पाकिटात.

मी दर रविवारी मुलुंडला जातो. नळ बघायला जातो असं सांगतो, त्यांच्या घरात आता एकही नळ बिघडायचा राहिलेला नाही. आम्ही गॅलरीत बसतो. साडू आधी आत कोण आहे ते बघतात, मग खुर्ची जवळ ओढून मला एकेक सांगतात. कारखान्यातलं, गावातलं, लग्नाआधीचं. हे कुठे लिहिलेलं नाही हां, असं प्रत्येक वेळी म्हणतात. पासवर्ड नसतात ते, पण त्यांनी ते तसेच कुलपात ठेवले होते. काय असतं ते मी तुम्हाला सांगणार नाही. बायकोलाही सांगितलेलं नाही, आणि ती दर रविवारी रात्रीच्या भाकरीबरोबर विचारते.

पुष्कळदा ते सांगितलेलंच परत सांगतात. मी पहिल्यांदा ऐकल्यासारखं ऐकतो, त्यात मला काही त्रास नाही, मी स्वतःचे जोक वीस वर्षं परत सांगतोय. मागच्या रविवारी एका जुन्या प्रवासाचं सांगत होते. म्हणाले, ती खिडकीशी बसली होती, बस निळी होती. मी बोलून गेलो, "निळी नाही भाऊ, लाल. आणि ती खिडकीशी नव्हती, तुम्ही होतात."

त्यांनी माझ्याकडे बघितलं. मग मान हलवली आणि म्हणाले, बरोबर, लाल होती, मी खिडकीशी होतो, आणि तिथून पुढे सांगायला लागले.